परवा येताय ना?

सोमवारी हसत, मंगळवारी लंगडत, बुधवारी गायब! टेबल टेनिस नव्याने सुरू करणाऱ्या मंडळींचं हे वेळापत्रक मला आता तोंडपाठ झालंय. सोमवारी नवे कोरे नॉन-मार्किंग शूज, ऑनलाइन मागवलेली लाल-काळी बॅट, ऑफिसमधले दोन-तीन दोस्त आणि 'अरे, शाळेत असताना जाम खेळायचो आपण' हा डायलॉग. दोन तास नुसता धुमाकूळ. मंगळवारी सकाळी व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज, 'मांड्या गेल्या यार.' दुपारी दुसरा, 'जिना उतरता येत नाहीये, सीरियसली.' बुधवारी मेसेजही नाही. महिन्याचे पैसे भरलेले असतात, बॅट कपाटात जाते आणि पुढच्या जानेवारीत नवा ग्रुप तसलेच शूज घालून हजर.

आता कुणाच्या मांड्या दुखल्या तर मला काय त्याचं, असं तुम्ही म्हणाल. सांगते. मी फ्रीलान्सर आहे. म्हणजे ऑफिस नाही, कॅन्टीन नाही, बॉसला नावं ठेवायला शेजारी कुणी नाही. दिवसभर मी, लॅपटॉप आणि 'पेमेंट पुढच्या आठवड्यात नक्की' असे मेल. संध्याकाळी साडेसात ते नऊ, एवढाच वेळ मी हाडामांसाच्या माणसांत असते आणि ती माणसं कोथरूडमधल्या एका बॅडमिंटन हॉलच्या मागच्या भिंतीशी लावलेल्या दोन टीटी टेबलांभोवती भेटतात. हॉलचे मालक भले गृहस्थ आहेत, पण हिशेबाला पक्के. गेल्या महिन्यात त्यांनी सरळच सांगितलं, 'बॅडमिंटनचे स्लॉट पहाटे पाचपासून फुल्ल असतात. तुमची टेबलं निम्मे दिवस रिकामी. दिवाळीपर्यंत वाट बघतो, नाहीतर तिथे ट्रेडमिल टाकतो.'

तेव्हापासून अनोळखी लोकांच्या मांड्या हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय झाला आहे. मला पार्टनर हवेत. नुसते यायला नकोत, टिकायला हवेत. आणि माझं निरीक्षण असं, की टीटी सोडणाऱ्यांपैकी कंटाळून सोडणारे फार थोडे. बहुतेक जण दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीला घाबरून सोडतात. 'आपलं वय झालं बॉस' असं सत्ताविसाव्या वर्षी म्हणत. मग मी पत्रकार करतो तेच केलं, या दुखण्याबद्दल हाताला लागेल ते वाचून काढलं.

सगळ्यात आधी एका जुन्या समजाला रजा देऊ. 'लॅक्टिक ॲसिड साठलंय' हे वाक्य तुम्ही जिमच्या ट्रेनरकडून, पीटीच्या सरांकडून, नाहीतर चुलतभावाकडून ऐकलंच असेल. खेळताना स्नायूंमध्ये लॅक्टेट तयार होतं हे खरं. पण खेळ थांबला की साधारण तासाभरात त्याची पातळी नेहमीसारखी होते. म्हणजे नऊला हॉलमधून निघालात, वाटेत थांबून भेळ खाल्लीत, की घरी पोचेपर्यंत तो हिशेब मिटलेला असतो. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं आणि एक ते तीन दिवसांच्या दरम्यान कळसाला पोचतं. रात्रीच निघून गेलेल्या पाहुण्यावर सकाळच्या चोरीचा आळ कसा घालणार?

हे उशिरा येणारं दुखणं वेगळं आहे, हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच लिहून ठेवलंय. थकल्यावर लगेच दुखतं ते एक, आणि कित्येक तासांनी उगवतं ते दुसरं. या दुसऱ्या प्रकारात स्नायूच्या आत कुठेतरी बारीक फाटाफूट होत असावी, असा त्यांचा तर्क होता. आज त्या तर्कात बरीच भर पडली आहे. फंडा असा, की स्नायू दोन तऱ्हांनी राबतो. आखडताना जोर लावतो आणि ताणला जात असताना ब्रेक लावतो. जिना चढताना मांडीचा पुढचा स्नायू पहिलं काम करतो, उतरताना दुसरं. दम लागतो तो चढताना. पण दुखणं मागे ठेवून जातं ते उतरणं. सिंहगड करून आलेल्या कुणालाही विचारा, सोमवारी ऑफिसात तो चढ आठवून कण्हत नसतो.

सवय नसताना ब्रेक लावले, की स्नायूच्या तंतूंना डोळ्यांना न दिसणारी इजा होते. मग दुरुस्ती सुरू होते, किंचित सूज येते, आसपासच्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा. आणि एक गोष्ट मी प्रत्येक नव्या गड्याला आवर्जून सांगते. दुखण्याचं माप आणि इजेचं माप एक नसतं. जाम दुखतंय म्हणजे आत जाम बिघडलंय, असं समजायचं कारण नाही.

'पण टीटीत कुठे आला जिना? हा तर मनगटाचा खेळ!' ही पुढची शंका. टेबल बघून फसायला होतं खरं. लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर. आपल्या हॉलमधल्या डायनिंग टेबलाचा मोठा भाऊ. त्याच्या एका टोकाला उभं राहून असं काय मोठं धावायचं असतं? धावायचं नसतंच, थांबायचं असतं. दोन पावलं डावीकडे, थांबा. एक उजवीकडे, थांबा. नेटजवळच्या आखूड सर्व्हिसवर पुढे झुका, थांबा, मागे या. एका रॅलीत चार-पाच ब्रेक, आणि प्रत्येक ब्रेक मांडी, खुबा नि पोटरीच्या माथी. शिवाय सगळा वेळ गुडघे थोडे वाकलेले, कारण टेबलाची उंची फक्त ७६ सेंटिमीटर. गुडघ्यांतून वाकलात तर मांड्या दुखणार. गुडघे वाचवायला पाठीतून वाकलात तर कंबर धरणार. माझं मत विचाराल तर मांड्या निवडा. मांड्या तीन दिवसांत सुटतात. कंबर धरलेल्या माणसाला खुर्चीत बसवत नाही, आणि खुर्चीत बसणं हाच तर आपल्या पिढीचा व्यवसाय आहे.

हाताचंही तेच. फोरहँड जोरात मारला की हात पुढे सुटतो आणि त्या सुटलेल्या हाताला आवरायचं काम खांद्याच्या मागच्या छोट्या स्नायूंवर पडतं. म्हणून स्मॅश मारमारून दुखतो तो खांद्याचा मागचा भाग. कोपराखालचा हात मात्र बहुतेकांचा निराळ्याच कारणाने आंबतो. बॅट गच्च आवळून. आमच्या हॉलमध्ये एक काका येतात, बँकेतून रिटायर झालेले, वय वर्षं सहासष्ट. ते नव्या मुलांना एकच वाक्य ऐकवतात, 'अरे, बॅट आहे ती, पीएमटीचा दांडा नाही!' चेंडू लागतो त्या क्षणापुरती पकड घट्ट, एरवी सैल. सांगायला सोपं. नऊ-नऊ झाल्यावर कुणाच्या लक्षात राहतं?

काका ३८ मिलिमीटरच्या चेंडूच्या आणि २१ पॉइंटांच्या गेमच्या जमान्यातले. २००० साली चेंडू ४० मिलिमीटरचा झाला, २००१ साली गेम ११ वर आला, २०१४ पासून मोठ्या स्पर्धांमध्ये सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचे चेंडू आले. काकांच्या मते तिन्ही निर्णय साफ चुकले. २१ च्या बाबतीत मी अर्धी त्यांच्या बाजूची आहे. पूर्वी दोन गेम झाले की माणसं बसायची, पाणी प्यायची, वाद घालायची. ११ चा गेम पाच-सात मिनिटांत उडतो. हरलेला म्हणतो 'अजून एक', जिंकलेला म्हणतो 'चल', आणि घड्याळात बघावं तर पावणेदोन तास झालेले. जास्त खेळलो हे कुणाला कळतच नाही.

तर हे काका आठवड्यातून चार दिवस तास-तासभर खेळतात आणि त्यांचं काही दुखत नाही. त्यांच्यासमोर खेळलेला चोवीस वर्षांचा इंजिनीअर मात्र दोन दिवस आडवा. कसं काय?

एक तर स्टाइल. काका लाँग पिंपल्सचं रबर वापरतात, टेबलाला चिकटून उभे राहतात आणि तुमचाच स्पिन तुम्हाला परत करतात. त्यांचा सगळा खेळ दोन पावलांत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये लक्झेंबर्गची नी शियालियान वयाच्या ६१ व्या वर्षी पहिली मॅच जिंकली, तीही अशीच टेबलाजवळून, पिंपल्सच्या जोरावर. काकांनी तिचा फोटो फोनला वॉलपेपर म्हणून लावलाय. काकूंना चालतं, मी विचारून घेतलं. याउलट आमचे यंगस्टर्स रात्री मा लाँगचे व्हिडिओ बघून येतात आणि टेबलापासून दोन मीटर मागे जाऊन टॉपस्पिन ओढू बघतात. या स्पिनच्या जमान्याची चाहूल जगाला आपल्या मुंबईतच लागली, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. १९५२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप मुंबईत झाली होती आणि जपानचा हिरोजी सातो स्पंज लावलेली बॅट घेऊन आला नि सिंगल्सचं विजेतेपद घेऊन गेला. पुढे स्पंजवर रबर आलं, स्पिन वाढत गेला आणि स्पिनसाठी नुसतं मनगट पुरेना. पाय, खुबा, कंबर, खांदा, सगळ्यांना कामाला जुंपावं लागलं. शॉट जितका मॉडर्न, तितकं दुसऱ्या दिवशीचं बिल मोठं. म्हणून पहिला महिना काकांसारखं खेळावं, टेबलाजवळ. मा लाँग होणं कुठे पळून जात नाही.

दुसरं कारण म्हणजे सवय, आणि माझ्या मते खरं कारण हेच. संशोधक याला 'रिपीटेड बाउट इफेक्ट' म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी. स्नायूंनी एखादं अनोळखी ब्रेकचं काम एकदा केलं, की थोड्या दिवसांनी तेच काम पुन्हा केल्यावर दुखणं बरंच कमी होतं. हे कवच काही आठवडे टिकतं. आणि ते मिळवायला पहिल्या दिवशी दोन तास घाम गाळायलाच हवा असं नाही, थोडक्या कामानेही ते मिळायला लागतं. आता बघा काय होतं ते. सोमवारी आलेला माणूस दोन तास खेळून, तीन दिवस लंगडून, भरपूर किंमत मोजून हे कवच विकत घेतो. वीस-पंचवीस मिनिटांत त्याला ते जवळजवळ फुकट मिळालं असतं. बरं, घेतलं ते घेतलं, पण ते वापरायची वेळ येते तेव्हा हा गायब! तीन-चार महिन्यांनी उत्साह परत येतो, तोवर कवच विरलेलं असतं. पुन्हा सोमवार, पुन्हा मांड्या.

ऑफिसातल्या टूर्नामेंट्स हा याच आजाराचा मोठा अवतार. वर्षभर त्या टेबलावर वाढदिवसाचे केक कापले जातात, पिझ्झाचे खोके ठेवले जातात. ॲन्युअल डेच्या आठवड्यात अचानक नेट लागतं आणि एकाच दिवशी सहा-सहा मॅचेस होतात, त्याही फॉर्मल शूज घालून, गुळगुळीत टाइल्सवर. याला म्हणे 'फन ॲक्टिव्हिटी'. तुमच्याकडे असं काही येऊ घातलं असेल तर दोन आठवडे आधीपासून एक दिवसाआड वीस मिनिटं खेळायला लागा आणि गमसोलचे शूज ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. जिंकाल की नाही ते माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला खुर्चीतून उठताना 'आई गं' होणार नाही.

आमच्या टेबलावर आता नियमच केलाय. पहिल्या दिवशी तीन गेम, बस्स. यावर वादावादी होते. हिंजवडीहून येणारा एक मुलगा म्हणाला, 'मी रोज जिमला जातो, मला काय होणार?' जिमचा फायदा असतोच. पण जिममध्ये तुम्ही वर-खाली करता, इथे आडवं सरकून थांबायचं असतं. ज्या हालचालीची सवय, तिच्यापुरतंच कवच. हे मी त्याला समजावत होते, तेवढ्यात काकांनी शांतपणे टेबलावरचा बॉल उचलला आणि खिशात टाकला. चर्चा संपली. 'परवा या', एवढंच म्हणाले. तो परवा आला. 'मांडी जरा धरलीय, पण चालतंय.' आता तो मंगळवारचा कायमचा गडी आहे, आणि काकांचे पिंपल्स त्याला अजून कळलेले नाहीत.

दुखत असताना खेळावं का, हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. हलकं खेळा. हालचालीने तेवढ्यापुरतं दुखणं कमीच होतं, आणि हलक्या खेळामुळे आतली दुरुस्ती बिघडते असं काही प्रयोगांत दिसलेलं नाही. पण त्या दिवशी स्नायूंची ताकद आणि अंदाज दोन्ही कमी असतात, तेव्हा टायब्रेकर खेळायचा मुहूर्त तो नव्हे. साध्या रॅली कराव्यात, सर्व्हिसची प्रॅक्टिस करावी, पंधरा मिनिटांत घरी जावं.

वॉर्म-अपबद्दल माझं मत वाचल्यावर बदललं नाही, पक्कं झालं. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी लोकांना उताराच्या ट्रेडमिलवर अर्धा तास उलट्या पावलांनी चालवलं. डोळ्यांसमोर आणा जरा! काहींना आधी दहा मिनिटं वॉर्म-अप करायला लावलं, काहींना नंतर दहा मिनिटं कूल-डाउन. वॉर्म-अप केलेल्यांचं दुखणं थोडंसं कमी निघालं, कूल-डाउनने काही फरक पडला नाही. आणि स्ट्रेचिंग? कॉक्रेनच्या २०११ सालच्या आढाव्याचा निष्कर्ष असा, की खेळाआधी करा वा नंतर, या दुखण्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मी खेळून झाल्यावर स्ट्रेचिंग करते, कारण छान वाटतं. तेवढं कारण मला पुरतं. पण 'मी स्ट्रेचिंग केलंय, आता दोन तास खेळतो' असं म्हणणाऱ्याला मी टेबल देत नाही.

वॉर्म-अप म्हणजे मान तीनदा फिरवून बोटं मोडणं नव्हे. हॉलचा जिना दोनदा चढ-उतार. टेबलाच्या कडेने आडवी पावलं टाकत दहा फेऱ्या. दहा अर्ध्या बैठका. बॅट हातात धरून नुसत्या हवेत फोरहँड, बॅकहँड. मग पाच मिनिटं सावकाश रॅली, जिचे पॉइंट मोजायचे नाहीत. ही शेवटची अट पाळणं फार कठीण, विशेषतः मुलग्यांना. चौथ्या चेंडूलाच कुणीतरी स्मॅश हाणतो.

बरं, हे सगळं वाचायच्या आधीच खेळून बसलात आणि आत्ता हा अंक हातात धरून सोफ्यावर कण्हत असाल तर? सगळ्यात वाईट उपाय म्हणजे त्याच सोफ्यावर पडून राहणं. चाला. दर तासाला उठून पाण्याची बाटली भरून आणा. दुखऱ्या भागावरून हलक्या हाताने तेल चोळा. मसाज हा आपल्याकडचा जुनाच शहाणपणा, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यातही हे दुखणं आणि थकवा कमी करण्यात मसाजच सगळ्यांत वरचढ ठरला होता. मात्र 'नस दाबून' देणाऱ्या गड्याला त्या दिवशी बोलावू नका, अर्ध्या तासाने रडवेले होऊन उठाल. कढत पाण्याची पिशवी, बादलीभर गरम पाण्याची आंघोळ, चांगलीच. खेळाडू बर्फाच्या पाण्यात बसतात, त्यानेही दुखणं काहीसं कमी होतं असं अभ्यास सांगतात. पण टू-बीएचकेच्या बाथरूममध्ये पिंप भरून बर्फ टाकायला कोण जातंय? आईला तरी काय सांगणार?

हळद-दूध प्या, खुशाल. फक्त ज्या प्रयोगांत हळदीचा फायदा दिसतो, तिथे हळदीतल्या कर्क्युमिनचा अर्क दिलेला असतो, कपात टाकलेल्या चमच्यापेक्षा कितीतरी दाट. त्यामुळे दुधाने झोप चांगली लागली तर तोच फायदा समजा, तोही काही लहान नाही. उसळ, अंडी, पनीर, डाळ, जे चालत असेल ते ताटात वाढवा. त्याने उद्याचं दुखणं चटकन जाणार नाही, पण दुरुस्तीला माल लागतोच. पाण्याचं म्हणाल, तर टीटी खेळताना पंखे बंद ठेवावे लागतात, नाहीतर चेंडू भरकटतो. एप्रिलमध्ये आमचा हॉल म्हणजे इडलीचं भांडं असतं. कोकम सरबताची बाटली बरोबर ठेवा. पाणी कमी प्यायल्याने हे दुखणं येत नाही, पण चक्कर मात्र येऊ शकते.

पेनकिलर? माझा त्याला विरोध आहे, विशेषतः 'आधीच घेऊन ठेवली' या प्रकाराला. उपाशीपोटी, घाम गाळून, पाणी न पिता आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी म्हणजे पोट आणि किडनी दोघांशी वैर. तीन दिवसांत आपोआप जाणाऱ्या दुखण्यासाठी एवढं कशाला? आणि पावसाळ्यात तर आणखी एक गोष्ट. अंगदुखीबरोबर ताप आला असेल तर दोष टेबल टेनिसला देऊ नका. पुण्यात त्या दिवसांत डेंग्यू आणि चिकुनगुनिया दोन्ही फिरत असतात, आणि डेंग्यूत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घातक ठरू शकतात. सरळ डॉक्टर गाठा.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. नेहमीचं दुखणं ओळखणं सोपं आहे. ते पसरट असतं, स्नायूच्या मांसल भागात असतं, दाबलं की कळतं आणि चार-पाच दिवसांत उतरत जातं. पण दुखणं एका बोटाने दाखवता येईल इतकं नेमकं असेल, सांध्यात किंवा हाडाशी असेल, खेळताना अचानक कळ येऊन सुरू झालं असेल, सूज असेल, मुंग्या येत असतील किंवा आठवडा उलटला तरी तसंच असेल, तर ते या लेखातलं दुखणं नव्हे. आणि स्नायू खूप सुजून लघवी कोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर टाकायचं नाही. टीटीने असं सहसा होत नाही, पण माहीत असलेलं बरं.

आमच्या ग्रुपमधल्या एका ग्राफिक डिझायनरच्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी असंच नेमकं दुखायला लागलं. स्नायूच आहे, जाईल, म्हणत तो खेळत राहिला. मग चहाचा कप उचलताना कळ, कुलपात किल्ली फिरवताना कळ. टेनिस एल्बो. फिजिओने दिलेले व्यायाम हळूहळू वाढवत नेले, बरा झाला, पण तीन महिने बिचाऱ्याने डाव्या हाताने माऊस चालवला आणि दोन क्लायंट गेले. मी शब्दांवर पैसे मिळवते. माझा कीबोर्ड आणि माझी बॅट एकाच हाताच्या भरवशावर आहेत, त्यामुळे स्कोअरपेक्षा कोपरावर माझं जास्त लक्ष असतं. बॅटची पकड सैल ठेवायची सवय मी या भीतीपोटीच लावून घेतली. काकांना वाटतं, त्यांच्या पीटीच्या तासाचा प्रभाव आहे. वाटू दे.

दिवाळीला अजून वेळ आहे. मंगळवार आता भरलेला असतो, शुक्रवार अर्धा. त्यातल्या एका अकाउंटंट मुलीने परवा पहिल्यांदाच काकांकडून सात पॉइंट काढले आणि लगेच 'अजून एक' म्हणाली. काकांनी बॉल खिशात टाकला. शुक्रवारी साडेसातला एक जागा रिकामी आहे. बॅट नसेल तर माझ्याकडे एक जास्तीची आहे. रबर जुनं झालंय, स्पिन धरत नाही. पहिल्या महिन्याला तेच बरं.